‘रिअल पॉवर’: खरी, सक्रिय की वास्तव?

डिप्लोमाच्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: एसी सर्किटमधल्या ‘रिअल पॉवर’ला मराठीत खरी शक्ती म्हणावं, सक्रिय की वास्तव? आणि व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की तीच मिळते ना?

नाही मिळत! त्या गुणाकाराने व्हीए (व्होल्ट-अँपिअर) मिळतात, वॅट नव्हे; आणि रिअल पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष खर्च होणारी शक्ती, वॅटमध्ये मोजतात. ‘केव्हीए म्हणा नाहीतर किलोवॅट, एकच ते’ हे इन्व्हर्टरच्या दुकानात ऐकून ऐकून कान किटले. 230 व्होल्टवर 4 अँपिअर घेणारी मोटर, पॉवर फॅक्टर (व्हीएतला वॅटचा हिस्सा) 0.6: गुणाकार 920, वॅट फक्त 552. उरलेले 368 कुठे गेले, असंही विचारू नका. इथे वजाबाकी चालत नाही, काटकोन त्रिकोण चालतो: 920 कर्ण, 552 एक बाजू. दुसरी बाजू, म्हणजे मोटरीपर्यंत ये-जा करणारी शक्ती (रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर), निघते 736.

आता शब्द. ‘खरी’ बाद. म्हणजे ती ये-जा करणारी काय खोटी? तिच्यावाचून मोटरीचं चुंबकीय क्षेत्रच उभं राहणार नाही. ‘सक्रिय’ परिभाषाकारांचा लाडका, पण तो म्हटला की जोडीला ‘निष्क्रिय’ आलाच. आणि सेकंदाला 100 वेळा येऊन परत जाणाऱ्या शक्तीला निष्क्रिय म्हणणं हा विनोद आहे.

राहिला ‘वास्तव’, आणि तो अप्रतिम आहे. वास्तव हा वस्तूपासून, वस्तू ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूपासून. वस्ती, निवास, वास्तू ही त्याचीच भावंडं. तिकडे लॅटिनमध्ये ‘रेस’ म्हणजे वस्तू, त्यावरून ‘रेआलिस’, त्यावरून ‘रिअल’. दोन भाषांनी स्वतंत्रपणे तीच घडण केली! शिवाय या ‘रेस’ची सख्खी बहीण आपल्याकडे आहे: वेदातला ‘रयि’, म्हणजे धन. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात, ‘अग्निना रयिमश्नवत्’. (रिअल इस्टेटमधलं ‘रिअल’ स्पॅनिश राजेशाहीतून आलं असं छातीठोक सांगणारे महाभाग आहेत. त्यांनी एकदा कोश उघडावा. तो राजावरून आलेला ‘रेआल’ वेगळा, हा ‘रेस’चा.)

माझं म्हणणं असं, की जी शक्ती दारापर्यंत येऊन माघारी जात नाही, लोडमध्ये, म्हणजे वीज वापरणाऱ्या यंत्रात, वस्तीला राहते, ती वास्तव. व्युत्पत्तीला इतकं ताणू नये, असं पंडित म्हणतील. म्हणोत. वॅट मोजणारा काट्याचा वॅटमीटर माझ्या बाजूने आहे. त्याच्या एका कॉइलमधून करंट जातो, दुसरी व्होल्टेजवर जोडलेली असते, आणि काट्यावरचा जोर क्षणाक्षणाच्या गुणाकाराइतका. हा गुणाकार कधी धन, कधी ऋण. काटा जड, त्याला सेकंदाचे 100 हेलकावे झेपत नाहीत, म्हणून तो सरासरीवर थांबतो. गेली-आली तेवढी शून्य झाली, राहिली तेवढी दिसली. डिजिटल मीटर हेच नमुने घेऊन, गुणून करतो.

हो, आणि ट्रान्सफॉर्मरची नो-लोड टेस्ट (लोड न जोडता घेतलेली, पॉवर फॅक्टर फार कमी) असेल तर एलपीएफ, म्हणजे कमी पॉवर फॅक्टरसाठीचा वॅटमीटर मागून घ्या. यूपीएफवाल्याचा (पॉवर फॅक्टर 1 धरून बनवलेल्याचा) काटा जेमतेम हलतो.