त्या ‘एस’चं काय करायचं?

प्रश्न : आमचा शेतकरी गट संत्र्याच्या सौद्यासाठी दिल्लीच्या व्यापाऱ्याला इंग्रजीत पत्र लिहितो. मी ‘विथ रिगार्ड्स टू आंबिया बहार’ (आंबिया बहार म्हणजे संत्र्याचा एक हंगाम) असं लिहिलं. पुतण्या म्हणतो, ‘एस’ काढा. पण पत्राखाली तर ‘रिगार्ड्स’च लिहितात! खरं काय?
– एक बागाईतदार, वरुड तालुका

उत्तर : भाऊ, पोट्टं बरोबर सांगते. ‘च्या संदर्भात’ म्हणायचं तर ‘विथ रिगार्ड टू’ किंवा ‘इन रिगार्ड टू’. दोन्हीकडे ‘एस’ नाही. पत्राखालचं ‘रिगार्ड्स’ म्हणजे नमस्कार, सलाम. तुमच्या वाक्यात तो सलाम आंबिया बहाराला पोचला. बहारानं तो घेतलाही असता, पण व्यापाऱ्याला भाव कळवायचा आहे.

आता गंमत अशी, की ‘अ‍ॅज रिगार्ड्स’मध्ये मात्र ‘एस’ हवाच. तिथं ते क्रियापद आहे, ‘ही गोष्ट अमक्याशी संबंधित आहे’ अशा धाटणीचं. त्यानंतर ‘टू’ लावायचं नाही. आपल्याकडच्या अर्जांत सर्रास दिसणारं ‘रिगार्डिंग टू’ही चूकच, नुसतं ‘रिगार्डिंग’ पुरतं. शाळेत शिकवताना मी तो ‘टू’ लाल शाईनं खोडून खोडून थकलो, तरी ग्रामपंचायतीच्या अर्जांत तो अजून जिवंत आहे.

मला विचाराल तर हे सगळं सोडून साधं ‘अबाउट’ लिहा. संत्र्याच्या पत्राला कोर्टाची भाषा कशाला? फक्त तुम्ही पाठवलेल्या पत्रात पुढे ‘डिस्कस अबाउट द रेट’ लिहिलंय, तिथलं ‘अबाउट’ तेवढं काढा. ‘डिस्कस’ला ते लागत नाही.