कचऱ्याच्या डब्याअलीकडे

प्रश्न : आमच्या कॅन्टीनमध्ये रोज साडेतीनशे माणसं जेवतात. ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट करणारं यंत्र बसवलंय. आता आमचं स्वयंपाकघर ‘चक्रीय’, म्हणजे काही वाया न घालवता सगळं पुन्हा वापरात आणणारं, झालं म्हणायचं का?

घाई नको. पावाचा तुकडा कंपोस्टमध्ये गेला की थोडं नत्र (नायट्रोजन), थोडं स्फुरद (फॉस्फरस) आणि सेंद्रिय पदार्थ हाती येतात. गव्हाला दिलेलं पाणी, ट्रॅक्टरचं डिझेल, भट्टीची उष्णता यातलं काहीच परत येत नाही. म्हणून कंपोस्टचा नंबर शेवटून मोजायचा.

दोन आठवडे एक खटाटोप करा. तीन डबे ठेवा. एकात चिरता-सोलताना निघालेलं, दुसऱ्यात शिजवलेलं पण वाढलंच न गेलेलं, तिसऱ्यात ताटातलं उष्टं. रोज वजन करा आणि शेजारी किती जण जेवले तेही लिहा. पहिला डबा जड असेल तर खरेदी आणि पाककृती तपासा, कारण पुष्कळदा साल आणि देठ आपण केवळ सवयीने टाकतो. दुसरा जड असेल तर अंदाज चुकतोय. सगळं एकदम न शिजवता शेवटचा घाणा गर्दी बघून टाका. तिसरा जड असेल तर आधी वाढपाचा डाव बदला. लहान डावाने वाढलं तर हवं असलेला पुन्हा मागतो. मोठ्याने वाढलेलं कुणी परत करत नाही.

खरकटं डुकरांना घालायचा विचार असेल तर आधी तुमच्या भागातले नियम बघा. 2001 साली ब्रिटनमध्ये पसरलेल्या लाळ्या-खुरकूतीचा माग नीट न उकळलेल्या खरकट्यापर्यंत लागला होता. त्या साथीत साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली.

प्रश्न : ‘कंपोस्ट होणारे’ कप घरच्या खताच्या डब्यात टाकले. सहा महिने झाले, आहेत तसेच आहेत. फसवणूक झाली का?

अर्धवट. असे बरेच कप पीएलएचे, म्हणजे मका-उसासारख्या पिकांपासून केलेल्या प्लास्टिकचे, किंवा त्याचं अस्तर लावलेले असतात. ते कुजायला सुमारे 60 अंश सेल्सिअस तापमान बरेच दिवस टिकावं लागतं. मोठ्या प्रकल्पात ते टिकतं, घरच्या डब्यात नाही. छापणाऱ्यांनी ‘कुठे’ हा शब्द गाळलेला असतो. कप उचलून बाहेर काढा.

प्रश्न : बिअर कारखान्यातल्या बार्लीच्या चोथ्यापासून बिस्किटं करायचा उद्योग काढतोय. कच्चा माल जवळजवळ फुकट आहे. काही धोका?

दोन आहेत. चोथ्यात प्रथिनं आणि तंतू भरपूर असतात हे खरं, पण ओल्या चोथ्यात तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त पाणी असतं आणि उष्ण हवेत तो दोन-तीन दिवसांत आंबतो. म्हणजे तुम्ही ट्रक भरभरून मुख्यतः पाणीच वाहून नेणार. पिळण्या-वाळवण्याची सोय कारखान्याच्या भिंतीला लागून असेल तरच हिशेब जमतो. वाळवायला लागणारं इंधनही त्या हिशेबात धरा.

दुसरा धोका कुणी बोलून दाखवत नाही. हा चोथा बहुतेक ठिकाणी आधीच गुरांना जातो. तुम्ही तो उचललात तर गोठेवाला त्या जागी दुसरा चारा विकत घेणार, आणि तो कुठल्या तरी शेतात पिकवावा लागणार. ‘कचरा वाचवला’ असं पाकिटावर छापण्याआधी तो खरंच कचरा होता का, ते विचारा.

प्रश्न : सगळं उरलंसुरलं शेतात परत नेलं तर वर्तुळ पूर्ण होईल ना?

नाही. जे खाल्लं, त्याचं काय? (जेवताना वाचणाऱ्यांची माफी.) आपण उत्सर्जित करतो त्यातलं बहुतेक नत्र आणि निम्म्याच्या आसपास स्फुरद मूत्रात असतं. ते सांडपाण्यातून नदीत जातं, तिथे शेवाळ माजवतं; शेतासाठी मात्र आपण नवा स्फुरद खडक खणून काढतो. सांडपाण्यात मॅग्नेशियम घालून त्यातला स्फुरद स्ट्रुवाइट नावाच्या खनिजाच्या खड्यांच्या रूपात काढता येतो आणि ते खडे सावकाश विरघळणारं खत म्हणून वापरतात. पण एकदा सगळं एकाच नळात मिसळलं की वेगळं काढणं महाग पडतं. त्यामुळे मूत्र मुळातच वेगळं गोळा करणारी शौचकूपं मला जास्त पटतात. अडचण नळजोडणीची आहे आणि त्याहून अधिक संकोचाची.