आबाजींनी हात का वर केला?

प्रिय मुक्ता,

पोळ्याच्या तोरणाखालून तू पाठवलेली झडती, म्हणजे पोळ्यात म्हणतात ते गाणं, मी चारदा ऐकली. मागे डफडं, बैलांच्या घुंगरमाळा, आणि म्हणणाऱ्यानं कपाशीच्या भावावरून सुरुवात करून झडती शेवटी वेगळ्या विदर्भावर आणली. सारं गाव ओरडलं, 'हर बोला हर हर महादेव!' आबाजींनीही हात वर केला. म्हणून तू विचारलंस, "बाबा, आबाजींना मराठी राहायचं नाही का? हे आपल्या कॅनडातल्या क्वेबेकसारखंच आहे का?"

नाही, बेटा. क्वेबेकमध्ये १९८० आणि १९९५ साली मतदान झालं, ते कॅनडापासून वेगळं व्हायचं का, यावर. आबाजींना देश सोडायचा नाही. त्यांना देशातच आपलं राज्य हवंय. तेलुगू बोलणाऱ्यांची २०१४ पासून दोन राज्यं आहेत, म्हणून तेलंगणातल्या कोणाची तेलुगू कमी झाली नाही. आणि आपल्या वऱ्हाडीतलं 'मले', 'तुले', 'काऊन' हे मराठी नसेल तर मग मराठी कशाला म्हणायचं? पुण्याच्या होस्टेलात माझ्या 'मले'ला पोरं हसायची. तो राग अजून गेलेला नाही.

आबाजींचा राग मोडलेल्या शब्दाचा आहे. राज्यांची पुनर्रचना ठरवणाऱ्या फाजल अली आयोगानं १९५५ साली आठ जिल्ह्यांचं विदर्भ राज्य करा असं सांगितलं होतं. ते झालं नाही, आणि १९६० साली आपण महाराष्ट्रात आलो. त्याआधी १९५३ च्या नागपूर करारात नेत्यांनी कबूल केलं होतं की खर्च आणि नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतील, सरकारही दरवर्षी काही काळ नागपुरात बसेल. हिवाळी अधिवेशन भरतं. पण आपल्या वावरातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, अजून पावसाच्याच भरवशावर आहे. या बाबतीत मी आबाजींच्या बाजूचा आहे.

पण तू क्वेबेकचं नाव काढलंस, म्हणून आणखी एक सांगतो. १९९५ च्या मतदानाच्या सहा दिवस आधी तिथल्या उत्तरेकडच्या क्री आदिवासींनी आपलं स्वतःचं मतदान घेतलं होतं. शंभरातले शहाण्णव म्हणाले, आमच्या संमतीशिवाय आम्हाला आणि आमच्या जमिनीला कॅनडातून बाहेर नेऊ नका. आपला हक्क मागणाऱ्या क्वेबेकच्या आतही कोणीतरी होतं, ज्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

आपल्याकडे गोंड आहेत. ज्या नागपूरला आपण विदर्भाची राजधानी म्हणतो, ते वसवलं देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदनं. तोरणात आपली जोडी धरून उभे होते ते आपले सालदार काका घरी गोंडी बोलतात. पाण्याला 'एर' म्हणतात हे मला त्यांनीच विहिरीवर शिकवलं. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. एकदा तो गोंडीत बोलला म्हणून मास्तरांनी त्याच्या हातावर छडी मारली, 'नीट बोल' म्हणाले. आम्ही सारे हसलो, मीही हसलो. चौथीनंतर तो शाळेत आला नाही.

उद्या तान्हा पोळा. तू लाकडी नंदी घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे सणाची भेट, मागायला जाशील. काकांकडे नक्की जा, आणि दारात 'जय सेवा' म्हण, तो गोंडांचा नमस्कार. मग थोडं बसून त्यांना विचार, वेगळ्या विदर्भाबद्दल तुम्हाला काय वाटतं? चाळीस वर्षांत आपल्या घरातून त्यांना हे कोणी विचारलेलं नाही. ते काय म्हणाले, ते मला कळव.

तुझा,
बाबा