शेवटच्या रेडिएशननंतरचे पंधरा दिवस

प्रश्न : आमच्या कुत्र्याच्या, शेरूच्या (वय ९) पुढच्या पायावरची गाठ ऑपरेशन करून काढली. बायोप्सीत सॉफ्ट टिश्यू सार्कोमा (स्नायू, चरबी अशा मऊ भागांचा कॅन्सर) निघाला, आणि कडेला कॅन्सरच्या पेशी राहिल्यात असंही कळलं. सर्जननी रेडिएशन सुचवलंय. आठवड्यातून पाच दिवस, जवळजवळ चार आठवडे, आणि प्रत्येक वेळी भूल! माझ्या मावशीला घशाच्या कॅन्सरसाठी शेक दिले होते, तेव्हाचे तिचे हाल मी पाहिलेत. मुक्या जिवाला हे सोसेल का? शिवाय माझी लहान मुलगी त्याच्या गळ्यात पडून झोपते. तिला लांब ठेवायचं का?

उत्तर : मुलीचं आधी, कारण ते लगेच संपतं. बाहेरून दिलेले किरण शेरूच्या अंगात उरत नाहीत. मशीन बंद, की किरण बंद. तिला खुशाल त्याला बिलगू द्या. फक्त त्या पायाला हात लावू देऊ नका, पुढे तो दुखरा होणार आहे.

आता भूल. माणसाला ‘हलू नका’ म्हणून सांगता येतं, शेरूला नाही, आणि किरणांचा नेम मिलिमीटरचा असतो. म्हणून आधी भूल देऊन सीटी स्कॅन करतात, पाय रोज त्याच स्थितीत ठेवता यावा म्हणून त्याच्या मापाचा साचा बनवतात आणि कातडीवर खुणा करतात. त्या खुणा आंघोळीत पुसू नका. रोजची भूल ऑपरेशनच्या भुलेपेक्षा हलकी आणि थोडा वेळ असते. किरण काही मिनिटंच चालतात, बाकीचा वेळ मापं जुळवण्यात जातो. सुरुवातीला रक्त आणि छातीचा एक्स-रे तपासून घेतला, की नऊ वर्षांच्या कुत्र्याला ही भूल सहसा झेपते. आमच्याकडे येणारी काही कुत्री दुसऱ्या आठवड्यात टेबलावर चढून सलाईनसाठी स्वतःच पाय पुढे करतात. मालक मात्र दाराबाहेर पांढरेफटक!

भुलेपेक्षा रोजच्या उपाशीपोटाने जास्त त्रास होतो. सकाळचं खाणं रोज चुकतं आणि वजन उतरतं. त्यामुळे पूर्ण शुद्धीवर आल्यावर थोडं खायला द्या, संध्याकाळचं जेवण भरपूर ठेवा आणि दर आठवड्याला वजन करा.

मावशींचा त्रास घशातल्या नाजूक अस्तराचा होता. किरण जिथे पडतात, त्रास तिथेच होतो. शेरूच्या पायावर किरण आहेत, तेव्हा त्याच्या गिळण्यावर परिणाम होणार नाही आणि अंगभर केसही गळणार नाहीत. गाठ नाकात किंवा तोंडात असती तर चिकट लाळ, तोंडाला वास, मऊ जेवण, कोरडे पडणारे डोळे, हे सगळं मी तुम्हाला सांगितलं असतं.

पायाचं मात्र नीट वाचा. पहिले दोन आठवडे बहुधा काहीच दिसणार नाही. तिसऱ्याच्या सुमारास कातडी उन्हाने भाजल्यासारखी लाल होईल, केस गळतील, कोंडा सुटेल. मग काही ठिकाणी ती ओली होऊन पिवळसर पाणी सुटेल, कडेचे केस त्यात चिकटून खपली धरतील. ती खपली सोलू नका. यातला सर्वांत वाईट काळ शेवटच्या रेडिएशननंतरच्या आठवड्यात येतो. सगळं संपलं म्हणून घरचे हुश्श करतात आणि चाटू नये म्हणून गळ्यात घातलेली शंकूसारखी कॉलर काढून टाकतात, नेमकं तेव्हाच. एका रात्रीच्या चाटण्याने कातडीची जी दशा होते, ती पाहिली की किरण बरे वाटतात. कॉलर रात्रीसुद्धा हवीच. पुढच्या दोन ते चार आठवड्यांत कडेकडून गुलाबी कातडी सरकत येते.

विचारल्याशिवाय त्यावर काही लावू नका. उपचार चालू असताना मलमाचा जाड थर राहिला तर कातडीला किरणांची मात्रा उलट जास्त बसते. पट्टीही घरी बांधू नका. दुखण्यासाठी आम्ही गोळ्या देतोच. घरातल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, आणि स्टिरॉइड चालू असेल तर दुसरी वेदनाशामक गोळी देण्याआधी फोन करा. ही जोडी पोटात अल्सर करते.

पुढे केस पांढरे उगवतील, विरळ उगवतील किंवा उगवणारच नाहीत. कातडी काळवंडेल. तिथे त्याला कडक उन्हापासून जपा. सहा महिन्यांनंतर कधी कधी कातडी जाड होते, सांधा आखडतो. हाडाला इजा किंवा वर्षांनंतर त्याच जागी नवी गाठ, हे क्वचित. उशिराचे हे त्रास एका वेळच्या मात्रेवर अवलंबून असतात, आणि म्हणूनच डोस छोटा आणि खेपा जास्त. दुखणं फक्त हलकं करायचं असेल तेव्हा मोठे डोस मोजक्या वेळा देतात. तुमच्या सर्जननी लांबचा रस्ता धरलाय, म्हणजे त्यांना गाठ कायमची आवरायची आहे. मला विचाराल तर ते बरोबर आहे. गाठ काढून डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी उरल्यात, अशा वेळी रेडिएशन सर्वांत चांगलं काम करतं, आणि अशा पुष्कळ कुत्र्यांमध्ये गाठ वर्षानुवर्षं परत येत नाही.

प्रश्न : थायरॉइड वाढलेल्या आमच्या मांजरीला आयोडीनचं रेडिएशन दिलं, तर तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं. असं का?

उत्तर : कारण तिचं प्रकरण शेरूच्या उलट आहे. तिला किरणोत्सारी आयोडीन इंजेक्शनने दिलंय, आणि ते थायरॉइडमध्ये जाऊन तिथून किरण सोडतं. दर आठ दिवसांनी ते निम्मं होतं, शिवाय लघवीतून बाहेर पडतं. म्हणजे काही दिवस मांजरच किरण सोडत असते. घरी आल्यावर दवाखान्याने सांगितलेले दिवस तिला उशाशी घेऊ नका, मुलांना आणि गरोदर बाईला दूर ठेवा. तिच्या शी-शूची माती हातमोजे घालून काढा आणि ती कुठे, किती दिवसांनी टाकायची ते त्यांच्याकडून लिहून घ्या.