ब्रिटनमध्ये शिकताना ईस्टरच्या सुटीत पूर्णवेळ काम आणि युरोपचा प्रवास, दोन्ही करता येतील का?

होय, पदवी किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी स्टुडंट व्हिसावर असाल, तर विद्यापीठाने जाहीर केलेल्या ईस्टरच्या सुटीत पूर्णवेळ नोकरी करता येते. ब्रिटिश गृहखात्याच्या नियमानुसार सत्र चालू असताना सोमवार ते रविवार या आठवड्यात २० तासांचीच मुभा असते, म्हणून कामावर घेणारा मालक विद्यापीठाकडील सत्राच्या तारखांचा पुरावा मागतो. तो आधीच काढून ठेवावा. फ्रीलान्स काम मात्र सुटीतही चालत नाही. प्रवासाचे म्हणाल, तर स्कॉटलंड-वेल्सला काहीच अडचण नाही. पॅरिससाठी भारतीय पासपोर्टधारकाला वेगळा शेंगेन व्हिसा (फ्रान्ससह युरोपातील अनेक देशांसाठीचा सामाईक व्हिसा) लागतो आणि पर्यटनाच्या त्या व्हिसावर तिकडे नोकरी करता येत नाही. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना ही सुटी आपोआप लागू होत नाही. त्यांची मंजूर रजा तेवढीच सुटी धरली जाते.