थायलंडमध्ये निवृत्त होताना: १८० दिवस, पेन्शन आणि इतरांचा राग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुढच्या वर्षी निवृत्त झाल्यावर तुम्हा दोघांना चियांग माईला येऊन राहायचंय. ऑक्टोबरमध्ये निघायचं ठरतंय. पण इथल्या निवृत्त परदेशी मंडळींचं बोलणं ऐकून तुम्ही धास्तावलात. एक म्हणतो, आता जगभरातल्या पैशांवर कर लागणार. दुसरा म्हणतो, १७९ दिवस झाले की देशाबाहेर पडा. तिसऱ्याच्या मते थायलंडला आपण नकोसेच झालोय. मी इथे नऊ वर्षं राहतोय आणि दरवर्षी विवरणपत्र भरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नियम बघू. थायलंडच्या महसूल संहितेचं कलम ४१ सांगतं की, एका कॅलेंडर वर्षात एकूण १८० दिवस किंवा जास्त इथे राहिलात तर तुम्ही करासाठी इथले रहिवासी. रहिवाशाने परदेशात मिळवलेलं उत्पन्न थायलंडमध्ये आणलं, तर त्यावर कर. हे कलम जुनंच आहे. बदलला तो त्याचा अर्थ. पूर्वी, ज्या वर्षी उत्पन्न मिळालं त्याच वर्षी ते इथे आणलं तरच कर लागायचा. त्यामुळे लोक पेन्शन वर्षभर मायदेशी बँकेत ठेवायचे आणि पुढच्या जानेवारीत आणायचे, कर शून्य. सप्टेंबर २०२३ मध्ये महसूल खात्याने आदेश १६१/२५६६ काढला (२५६६ म्हणजे बौद्ध वर्ष, आपलं २०२३) आणि १ जानेवारी २०२४ पासून ही वाट बंद केली. उत्पन्न कुठल्याही वर्षाचं असो, ज्या वर्षी आणाल त्या वर्षी हिशोबात धरायचं. लोकांचा गोंधळ पाहून नोव्हेंबरमध्ये आदेश १६२/२५६६ आला. १ जानेवारी २०२४ पूर्वी मिळवलेला पैसा या नव्या अर्थातून वगळला गेला.

म्हणून पहिलं काम सांगतो: ३१ डिसेंबर २०२३ रोजी तुमच्या प्रत्येक खात्यात किती शिल्लक होती, त्याचं बँकेचं शिक्का मारलेलं पत्र आत्ताच काढून ठेवा. पुढे बचतीतून घरासाठी मोठी रक्कम आणाल तेव्हा तोच तुमचा पुरावा. जगभरातलं उत्पन्न, आणा वा न आणा, कराखाली घ्यायचा विचार खात्याने २०२४ मध्ये बोलून दाखवला होता, पण विचार आणि कायदा यांत फरक असतो. चहाच्या टेबलावर तो फरक कोणी करत नाही, आणि निम्मी भीती तिथेच जन्माला येते.

आता एक प्रत्यक्ष हिशोब. आमच्या सोईत (म्हणजे गल्लीत) एक इंग्रज गृहस्थ राहतात, वय ७८, आयुष्यभर बस चालवली. २०२४ च्या ऑक्टोबरात ते पासपोर्ट घेऊन आमच्याकडे आले. १७९ दिवसांची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती आणि दरवर्षी सहा महिने लाओस किंवा व्हिएतनाममध्ये काढायची तयारी चालली होती. गुडघे धड नाहीत, मांजर एकटी राहणार, तरीही. आम्ही जेवणाच्या टेबलावर शिक्के मोजायला बसलो. काही उलटे, काही एकमेकांवर मारलेले. एक तर इतका पुसट की दिव्याखाली धरून तारीख वाचावी लागली. १८० कधीच ओलांडले होते, म्हणजे ते रहिवासी झालेच होते. मग मी कागद घेतला. वर्षात त्यांनी आणलेलं पेन्शन धरलं ६,००,००० बाट. ६५ वर्षांवरच्या रहिवाशाला १,९०,००० ची सूट, उरले ४,१०,०००. पेन्शनवर खर्चाची वजावट जास्तीत जास्त १,००,०००, उरले ३,१०,०००. वैयक्तिक वजावट ६०,०००, उरले २,५०,०००. त्यातले पहिले १,५०,००० करमुक्त, राहिलेल्या १,००,००० वर ५ टक्के. कर ५,००० बाट. सहा महिने परदेशात राहायचं भाडं त्याच्या कितीतरी पट झालं असतं. ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. या माणसाला कुणीतरी घरातून उठवून परागंदा करायला निघालं होतं, आणि कारण काय तर ५,००० बाट. मला त्या दिवशी खरंच राग आला, कराचा नाही, ऐकीव माहितीचा.

त्या इंग्रज गृहस्थांच्या रागाचं मूळ मात्र वेगळंच होतं. थायलंडमध्ये राहणाऱ्यांचं ब्रिटिश सरकारी पेन्शन गोठवलेलं असतं. इथे आल्यावर जी रक्कम सुरू झाली, तीच आयुष्यभर. शेजारच्या फिलिपिन्समध्ये राहणाऱ्याला दरवर्षीची वाढ मिळते, इथल्याला नाही, कारण थायलंडशी तसा करार नाही. चाळीस वर्षं वर्गणी भरलेल्या माणसाला हे लागणारच. त्यातून १५ वर्षांहून जास्त काळ बाहेर असलेल्यांना मतदानाचा हक्क नव्हता, त्यामुळे २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतात हे गृहस्थ मत देऊ शकले नाहीत. ती मर्यादा जानेवारी २०२४ मध्ये उठली. अमेरिकनांचं दुखणं निराळं. त्यांचा देश नागरिकत्वावर कर लावतो. जगात असं करणारा दुसरा देश म्हणजे एरिट्रिया. अमेरिकन माणूस कुठेही राहो, त्याला घरी विवरणपत्र भरावं लागतं, आणि २०१० च्या फॅटका कायद्यामुळे (अमेरिकनांच्या खात्यांची माहिती अमेरिकेला कळवायला लावणारा कायदा) परदेशी बँकाही त्याचं खातं उघडताना आढेवेढे घेतात. उलट त्यांच्या सोशल सिक्युरिटीवर करारानुसार कर फक्त अमेरिकाच लावू शकते, म्हणजे त्या पैशापुरता इथला नवा आदेश त्यांना लागतच नाही. तरी कट्ट्यावर सगळ्यांत चढा आवाज पुष्कळदा त्यांचाच असतो. मायदेशावरचा राग थायलंडच्या नावावर खर्ची पडतो. म्हणून कुणाचं ऐकताना आधी विचारा: पासपोर्ट कुठला, पेन्शन कुठून येतं, वय काय? या तीन उत्तरांशिवाय त्यांचा सल्ला तुमच्या कामाचा नाही.

आपल्यासाठी तर १७९ दिवसांचा सल्ला उलटाच पडू शकतो. भारतीय नागरिकाचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर असेल आणि तो दुसऱ्या कुठल्याच देशात करपात्र नसेल, तर आपला आयकर कायदा त्याला भारताचा रहिवासी मानतो. दर्जा ‘निवासी पण साधारण निवासी नाही’ असा मिळतो. परदेशातलं उत्पन्न त्यात सहसा येत नाही, तेव्हा घाबरू नका. पण ‘मी कुठलाच नाही’ असं म्हणायची सोय आपल्याला नाही. शिवाय एवढंच उत्पन्न असताना वर्षाकाठी १२० दिवस किंवा जास्त भारतात येऊन राहिलात, तर १८२ दिवसांपेक्षा कमी राहून अनिवासी राहायची सवलत उरत नाही. नातवंडांसाठी चार महिने जाणाऱ्यांनी हे आधी मोजावं.

तुमच्या ऑक्टोबरच्या बेतात मला एक मोठी अडचण दिसते. भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च, थायलंडचं जानेवारी ते डिसेंबर. तुम्ही १ ऑक्टोबरला निघालात तर एप्रिल ते सप्टेंबर भारतात १८३ दिवस भरले. त्या वर्षी तुम्ही पूर्ण भारतीय रहिवासी. इकडे डिसेंबरपर्यंत जेमतेम ९२ दिवस, म्हणजे थायलंडचे नाहीच. पुढच्या जानेवारीपासून मात्र इथले दिवस भरत जातात, आणि जानेवारी ते मार्च हे तीन महिने दोन्हीकडे मोजले जातात. तेव्हा दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारातले निकष लागतात: कायमचं घर कुठे, ते दोन्हीकडे असेल तर आर्थिक आणि कौटुंबिक नाती कुठे घट्ट, मग नेहमीचा राबता कुठे, शेवटी नागरिकत्व. भारतातलं घर कुलूप लावून ठेवणं आणि भाड्याने देणं यात इथे जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की, १८२ दिवसांची सवलत निघण्याच्या वर्षी मिळते ती नोकरीसाठी जाणाऱ्याला. निवृत्त होऊन राहायला जाणारा त्यात बसत नाही. त्याच्यासाठी ६० दिवसांची कसोटी आहे: त्या वर्षात ६० दिवस आणि मागच्या चार वर्षांत ३६५ दिवस भारतात काढले असतील तर तो रहिवासीच. ते वर्ष अनिवासी म्हणून हवं असेल तर २९ मेपर्यंत निघावं लागतं. नाहीतर सरळ मान्य करा की जाण्याचं वर्ष भारताचं, आणि निवांत निघा. मी दुसरं केलं. त्याचा मला काही तोटा झाला नाही.

मला मनापासून वाटतं की, या वयात कुठल्यातरी एका देशाचा रहिवासी असणं हा आधार आहे. इथे विवरणपत्र भरलंत (कागदावर असेल तर ३१ मार्चपर्यंत) की महसूल कार्यालय आर.ओ. २२ नावाचा रहिवासाचा दाखला देतं. भारतातल्या एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या रुपयांतल्या) ठेवीच्या व्याजावर ३० टक्के टीडीएस कापला जातो. करारातला कमी दर मागायचा तर हाच दाखला लागतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी माझं पासबुक ओळीओळीने तपासलं, परदेशातून आलेल्या रकमांसमोर पेन्सिलीने बारीक टिंबं केली आणि बेरीज माझ्याकडे वळवून दाखवली. माझ्या बेरजेत एक रक्कम दोनदा धरली गेली होती, ती त्यांनीच खोडली. तेव्हापासून या खात्याविषयी कुणी वाईट बोललं की मला तो पेन्सिलीचा कागद आठवतो.

‘कर भरायचा पण मिळतं काय’ या तक्रारीत तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. थाई नागरिकांची ३० बाटची आरोग्य योजना आपल्याला मिळत नाही. निवृत्ती व्हिसासाठी बँकेत ८,००,००० बाट किंवा महिन्याला ६५,००० चं उत्पन्न दाखवायचं, दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, राष्ट्रीय उद्यानात जास्त तिकीट द्यायचं. मतदानाचा प्रश्नच नाही. (भारतातलं आपलं मत २०१० च्या दुरुस्तीने शाबूत आहे, पण केंद्रावर स्वतः जावं लागतं.) तरीही ज्या रस्त्यावर मी रोज चालतो, ज्या शहरात रात्री दोन वाजता निर्धास्तपणे औषध आणायला जातो, त्याला मी काही देणं लागतो असं मला वाटतं.

राजकारणाविषयी मात्र कडक सांगणार आहे. इथे २०१४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. २०२३ च्या निवडणुकीत सर्वाधिक जागा मिळवलेला मूव्ह फॉरवर्ड पक्ष ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने विसर्जित केला, आठवड्याभरात पंतप्रधान श्रेट्ठा यांनाही पदावरून दूर केलं. या सगळ्यावर थाई मित्रांची मतं तीव्र आहेत आणि ती मी ऐकतो. पण राजघराण्याच्या बदनामीचं कलम ११२ परदेशी माणसालाही लागू आहे. प्रत्येक आरोपाला ३ ते १५ वर्षं. २००७ मध्ये याच चियांग माईत राजाच्या तसबिरींवर रंग फवारल्याबद्दल एका स्विस नागरिकाला १० वर्षांची शिक्षा झाली होती. पुढे माफी मिळाली आणि देशाबाहेर काढलं गेलं. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करायची सवय विमानतळावर येण्याआधीच सोडा.

सामाजिक वादांत परदेशी मंडळी फार लवकर उतरतात. जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून निघाला, तेव्हा कोणी आनंदले, कोणी संतापले. जून २०२५ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीची अट आल्यावर तेच उलट. २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याला त्यामुळे दवाखान्यात एकमेकांच्या कागदांवर सही करता आली, आणि मला त्याचा फार आनंद आहे. जमिनीचा वाद सगळ्यांत नाजूक. २०२२ मध्ये ४ कोटी बाट गुंतवणाऱ्या परदेशी माणसाला घरासाठी एक राय (जमीन मोजायचं थाई माप) जमीन घेऊ द्यायचा प्रस्ताव आला. लोक इतके खवळले की नोव्हेंबरात सरकारला तो मागे घ्यावा लागला. आमच्यातले काही म्हणाले, बघा, द्वेष करतात आपला. माझी शेजारीण, भाजी विकून मुलीला शिकवणारी, मला एवढंच म्हणाली की तिच्या मुलीला याच शहरात घर घ्यायचंय आणि भाव तुमच्यामुळे चढतात. तिच्या बोलण्यात द्वेष नव्हता. मला उत्तर सुचलं नाही, आणि ते नसणंच बरोबर होतं.

आपल्याला इथे ‘खॅक’ म्हणतात. गोऱ्या माणसाला फरांग, आपल्याला खॅक. कधी त्यात तुच्छता असते, ती जाणवतेच. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ पाहुणा.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. वहिनींचे दिवस आणि त्यांच्या नावे आलेले पैसे वेगळे मोजा. नवऱ्याच्या हिशोबात बायको आपोआप बसत नाही. आणि फेब्रुवारी ते एप्रिल इथे शेतं आणि डोंगर जळतात, धुराने डोळे चुरचुरतात. तुम्हाला दम्याचा त्रास आहे असं लिहिलंय, तेव्हा ते तीन महिने भारतात काढायचे ठरवलेत तर वर्षाचे उरलेले दिवस आत्ताच दोन्ही कॅलेंडरांवर मांडून बघा. तुमचं पेन्शन सरकारी आहे की कंपनीचं, आणि घर भाड्याने देणार की नाही, एवढं कळवा. पुढचा हिशोब त्यावरून मांडता येईल.