कमी पेट्रोलमध्ये जास्त चालणारी नवी इंजिनं खरंच येणार आहेत का? गाडी घ्यायला थांबू का?

भाऊ, तुमचं रोज तालुक्याला ४० किलोमीटर जाणं-येणं आहे आणि पेट्रोल गाडी घ्यायची आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग थांबू नका.

मी दारव्ह्याजवळच्या गावात राहतो, भाड्याची गाडी चालवतो. दर वेळी टाकी फुल करतो आणि किलोमीटर वहीत लिहितो. एकदा डिझेलच्या नळीवर बसवायचं चुंबक घेतलं होतं, ‘ॲव्हरेज दीडपट’ म्हणून. सहा टाक्या लिहिल्या. आधी १६, नंतरही १६. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं अशी शंभरावर यंत्रं तपासली, म्हणण्यासारखा फरक कशातच पडला नाही. तेव्हापासून वरून काही बसवून ॲव्हरेज वाढतं, यावर माझा विश्वास नाही.

पण इंजिनाच्या आत सुधारणेला जागा आहे, आणि भरपूर आहे. मे महिन्यात पेशंट घेऊन सेवाग्रामला पोहोचलो की बोनेट उघडून बघतो. रेडिएटरजवळ हात धरवत नाही, सायलेन्सर तडतड वाजत असतो. ही सगळी उष्णता आपण पंपावर पैसे मोजून घेतलेली असते! पेट्रोल गाडीत १०० रुपयांच्या तेलातलं जेमतेम २०-२५ रुपयांचं काम चाकापर्यंत पोहोचतं.

ती उष्णता वाचवायचा प्रयत्न खरा आहे, फक्त त्याला वेळ लागतो. माझदा कंपनीनं २०१७ मध्ये डिझेलसारखं दाबानं पेट्रोल जाळणारं इंजिन जाहीर केलं, २० ते ३० टक्के बचतीचा दावा केला. २०१९ मध्ये ते युरोपात विकायलाही आलं. पण ही कंपनी भारतात गाड्याच विकत नाही. उलट ॲटकिन्सन नावाच्या इंग्रज इंजिनियरची युक्ती बघा. जळलेल्या वायूला जास्त पसरू द्यायचं आणि त्यातून जास्त काम काढून घ्यायचं, ही कल्पना १८८२ ची. अशा इंजिनाला जोर कमी पडतो. १९९७ मध्ये टोयोटानं प्रियस गाडीत त्याला विजेच्या मोटरची जोड दिली, तेव्हा कुठे ते रस्त्यावर नीट चाललं. आज आपल्याकडच्या स्ट्राँग हायब्रीड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणाऱ्या गाड्यांत हेच आहे. मारुतीच्या ग्रँड व्हिटारा हायब्रीडचा कंपनीचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. माझी आशा आहे ती यावर.

मात्र हायब्रीडची खरी बचत थांबत-थांबत चालण्यात असते, कारण ब्रेक मारताना बॅटरी भरते. आपल्या मोकळ्या रस्त्यावर एका वेगानं गेलात तर फायदा कमी होतो आणि जास्तीची किंमत वसूल व्हायला वर्षं लागतात. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणजे अशा पेट्रोलमध्ये सहा-सात टक्के कमी. कंपनीच्या आकड्यातून तेवढं आधीच वजा करा.

साधी पेट्रोल गाडी घ्या. घेण्याआधी तेच मॉडेल वर्षभर चालवलेला कुणीतरी तालुक्यात शोधा आणि टाकी ते टाकी किती जाते ते त्यालाच विचारा.